कोणाकडून ऐकले ते आधी सांगा

आमच्या पाठशाळेत एक नियम होता. अर्थ सांगायला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने प्रथम हे सांगायचे, की हा अर्थ आपण कोणाकडून ऐकला आणि त्यांनी तो कोणाकडून ऐकला. हे न सांगता जो थेट श्लोकाला हात घाली, त्याला आमचे गुरुजी खाली बसण्याची खूण करीत. रागावत नसत, कारणही सांगत नसत. त्याने पुन्हा उभे राहायचे ते दुसऱ्या दिवशी.

पुढे अनेक वर्षे शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, अणदूरला येऊन स्थिरावलो, तरी ही सवय अंगातून गेली नाही. खंडोबाच्या जत्रेत मला देवळात बोलायला सांगतात. आमचा देव वर्षभर एका गावी राहत नाही. बराच काळ तो अणदूरला असतो आणि ठरल्या दिवशी नळदुर्गजवळच्या मैलारपूरला जातो. त्याला न्यायला तिकडचे मानकरी येतात, दोन्हीकडच्या लोकांसमक्ष लेखी करार होतो, आणि मुदत संपली की देव परत येतो. या रिवाजामागची कथा आणि तिचा अर्थ मी सांगतो. सांगण्यापूर्वी माझ्या गुरुजींचे, त्यांच्या वडिलांचे आणि ज्या वृद्ध पुजाऱ्यांकडून त्या वडिलांनी ही कथा ऐकली त्यांचे नाव घेतो. श्रोते तेवढ्या वेळात सतरंजीवर नीट मांडी घालून घेतात. माझी त्याला हरकत नाही.

आमच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी शाळेत असल्यापासून सकाळी माझ्याकडे पाठाला येई. पुढे ती धाराशिवच्या एका महाविद्यालयात मराठीचे एम.ए. करू लागली. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. तिने विषय घेतला आमच्या देवाच्या या दोन गावांचा. नळदुर्गला जाऊन ती तिथल्या म्हाताऱ्या बायकांना भेटली. देव आपल्याकडे नसतो त्या महिन्यांत मनाला काय वाटते, हे तिने त्यांना विचारले. मला हे विचारण्याचे कधी सुचले नव्हते. कथेचा अर्थ मात्र तिने माझ्याकडून ऐकला होता तसा, जवळजवळ माझ्याच शब्दांत लिहिला. पाठांतराच्या वळणात वाढलेले ते पोर, तिच्या कानात ते शब्द तसेच बसले होते.

एके दुपारी ती एस.टी.तून उतरून घरी न जाता सरळ माझ्या ओसरीवर आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, की संगणकाने तिचे एक सबंध प्रकरण लाल करून टाकले आहे. लघुप्रबंध देण्यापूर्वी तो एका यंत्रातून काढतात. इंटरनेटवर आधीपासून असलेल्या मजकुराशी जेवढा जुळेल तेवढा लाल होतो, आणि लाल मर्यादेबाहेर गेले की प्रबंध परत. तिचे प्रकरण कुठल्याशा संकेतस्थळाशी जुळले होते. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. माझे देवळातले बोलणे कोणीतरी ध्वनिमुद्रित करून, उतरवून तिथे ठेवले होते. सुरुवातीची तीन नावे गाळलेली होती. माझेही नाव नव्हते. खाली ओळ होती, सर्व हक्क राखीव.

"गुरुजी, हे तुमचंच बोलणं हाय न्हाय का?"

मी होय म्हणालो.

"मग यात चोर कोण?"

माझे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नव्हते. मला ते मिळालेले होते. ज्याने हक्क राखून ठेवले, त्याला तर ते कोणी दिलेही नव्हते. पण तिचेही सगळे बरोबर नव्हते. तिने माझे नाव आरंभीच्या ऋणनिर्देशात घातले होते, जिथे आईवडिलांचे आणि टंकलेखन करणाऱ्याचेही असते. त्या प्रकरणात, त्या शब्दांपाशी, ते नव्हते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, की तोंडी ऐकलेल्याला संदर्भ म्हणत नाहीत असे तिला सांगण्यात आले होते. मी तिला हाताने खाली बसण्याची खूण केली. ती बसलेलीच होती. तिला खूण कळली आणि डोळे भरून आले.

तिच्या रडण्याचे खरे कारण पुढे कळले. वडिलांनी शिक्षणासाठी हे एवढे वर्ष दिले होते. प्रबंध परत आला तर वर्ष जाईल, आणि पुढचे वर्ष मिळणार नाही. तिला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी यातून सुटण्याचा मार्गही सांगितला होता. शब्द बदलून देणारे दुसरे एक यंत्र आहे. त्यात प्रकरण घालायचे, की अर्थ तोच राहून शब्द वेगळे होतात आणि लाल नाहीसे होते.

"वर्गातल्या काहींनी सगळंच्या सगळं उचललंय," ती म्हणाली. "बदलून घेतलं, तर त्यांचं पांढरं आलं. म्या ऐकून लिहिलं, तर माझं लाल."

मी त्या संकेतस्थळवाल्याचा फोन मिळवला. आमच्याच भागातला, आता पुण्यात असलेला माणूस. फार नम्रपणे बोलला. मजकूर काढून टाकतो म्हणाला. मी सांगितले, काढू नका, लोक वाचत असतील तर वाचू द्या. फक्त सुरुवातीची नावे परत घाला आणि खालची ओळ पुसा. तो म्हणाला, "गुरुजी, तसली सुरुवात कोणी वाचत नाही हो." मी म्हणालो, न वाचोत, पण असू द्या. त्याने बघतो म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर धाराशिवला गेलो. एस.टी.त तिला एवढेच सांगितले, की माझा हट्ट तुझ्या वर्षाच्या मोलाने चालवायचा नाही. जे ठरवायचे ते तू ठरव.

प्राध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला आणि अडचण सांगितली. नाव देऊन, अवतरणचिन्हांत घालून लिहिले तरी यंत्र लाल दाखवणारच, आणि बाहेरून येणारे परीक्षक आधी लाल पाहतात. शब्द बदलण्यात गैर ते काय, सगळेच करतात. मी म्हटले, एक परिच्छेद बदलून दाखवाल का? त्यांनी लगेच दाखवला. देव निघतो त्या दिवसाचे वर्णन होते. मानकरी पालखी उचलतात आणि लोक भंडारा उधळतात, असे तिने लिहिले होते. यंत्राने दिले: सन्माननीय पाहुणे पारंपरिक वाहतूक साधन उचलतात आणि नागरिक पिवळी पूड फेकतात.

ती हसली नाही. प्राध्यापकांना हसू आवरले नाही. मग त्यांनीच ते आवरले.

मी म्हणालो, "चोरीचा बैल बाजारात न्यायचा तर शिंगांचा रंग बदलतात. तुम्ही तर तिला स्वतःच्या घरचा बैल रंगवायला सांगता आहात."

"गुरुजी, नियम मी केलेला नाही."

"जाणतो. पण आमच्या गावी देवसुद्धा दुसऱ्या गावाला जातो तो करार करून जातो. कोणाकडून नेला, कुठे नेला, हे सर्वांसमक्ष वाचले जाते. म्हणून त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मूर्तीचे रूप पालटून न्यायचे कोणाच्या मनातही येत नाही. या मुलीने कोणाकडून घेतले ते मोठ्याने सांगायचे राहिले, एवढीच चूक आहे, आणि ती तिने सुधारली पाहिजे. शब्द लपवण्याची गरज नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने पडद्यावरचा तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "सर, हे बदललेलं मला छापून द्या. पण प्रबंधात न्हाय घालणार. प्रबंधात मी गुरुजींचं आणि त्यांच्या आधीच्यांचं नाव घालते. लाल राहिलं तर राहू द्या."

"परत आलं तर?"

"परत आलं तर घरी बसंन. पण माझंच घेऊन बसंन."

प्राध्यापकांनी सही करून प्रबंध तसाच पुढे पाठवला; परत करायचा की नाही ते बाहेरचे परीक्षक ठरवणार होते. मौखिक परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तिचा प्रबंध उघडा होता आणि ते लाल पाने चाळत होते. तिला बोलायला सांगितले. ती उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, की या प्रकरणातला अर्थ मी अमुक यांच्याकडून ऐकला, त्यांनी तो त्यांच्या गुरूंकडून, त्या गुरूंनी आपल्या वडिलांकडून आणि वडिलांनी पुजाऱ्यांकडून. पुढे तिने नळदुर्गच्या त्या बायकांचीही एकेक करून नावे घेतली. ती सगळी नावे मी इथे लिहीत नाही. तिच्या प्रबंधात ती आहेत. ज्याला हवी त्याने तिथे जाऊन वाचावीत.

परीक्षक म्हणाले, "मुद्द्यावर या."

"सर, हाच मुद्दा हाय."

त्यांनी एक लाल पान वर धरले. मग विचारले, की दुसऱ्याचे शब्द इतके जसेच्या तसे ठेवण्याची गरज काय होती. तिने घडी घातलेला कागद उलगडला आणि पारंपरिक वाहतूक साधन व पिवळी पूड शांतपणे वाचून दाखवली. प्राध्यापक खाली मान घालून बसले होते. परीक्षक मोठ्याने हसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ज्यांच्याकडून ऐकलं ते हयात आहेत का?"

"मागं बसलेत."

त्यांनी मागे पाहून मला नमस्कार केला. मीही केला. त्यानंतर तासभर त्यांनी तिला त्या बायकांविषयी विचारले आणि ती थांबली नाही.

प्रबंध परत आला नाही. मात्र मौलिकतेचे गुण फार कमी पडले, आणि त्यामुळे वरची श्रेणी गेली. शब्द रंगवून आणलेल्यांना ती मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा हे तिनेच सांगितले. मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून वर म्हणाली, "लई न्हाय गेले, गुरुजी." मला वाईट वाटले नाही, आणि ते मी तिला सांगितलेही. राग आला, तो अजून आहे, आणि तो घालवण्याची मला घाई नाही.

पुण्याच्या गृहस्थाने नावे अजून घातलेली नाहीत. दर एकादशीला मी त्याला फोन करतो. तो आता उचलत नाही. मी करतो.

यंदाच्या जत्रेत मी बोलायला बसलो तेव्हा समोर नेहमीसारखे मोबाईल वर झाले. मी सुरुवात मुद्दाम लांबवली. पहिली तीन नावे घेतली. मग देव नसतानाच्या महिन्यांविषयी मला जे ठाऊक नव्हते ते ज्या बायकांनी सांगितले त्यांची घेतली, आणि शेवटी ज्या मुलीकडून ते माझ्यापर्यंत आले तिचेही घेतले. तिचे वडील पुढच्या रांगेत होते. सतरंजीवर लोक मांडी घालून कधीच बसले होते. मी थांबलो नाही. ही सुरुवात ज्याला कापायची असेल, त्याला आता पुष्कळ कापावे लागेल.