पाठीवरची आई

माझा बाप आईचा फोटो शर्टाच्या पाठीवर छापून सायकल चालवणार आहे, हे मावशीला बेकरीत कळलं. क्रेटमध्ये पाव भरता भरता तिला भिंतीवरची जाहिरात दिसली. कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांना राहायला जागा बांधायची होती, त्यासाठी सायकल फेरी. सगळ्यांच्या पुढे माझा बाप, ‘दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ’.

हा दिवंगत पत्नीवाला कोण, ते सांगते. आईचं दुसरं ऑपरेशन ठरलं आणि यानं काढता पाय घेतला. ऑफिसनं बदली केली म्हणाला. ती त्यानंच मागून घेतली होती. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी उगवला आणि चारचौघांत असा रडला, की लोक त्यालाच पाणी देत होते. मग पुन्हा गेला तो गेलाच. मी तेव्हा दुसरीत होते. मला मावशीनं वाढवलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बेकरीचा पाव सायकलवरून दुकानांत पोचवते, पुढे एक क्रेट, मागे दोन. तोंडानं फटकळ. पाव शिळा आहे म्हणून कुरकुरणाऱ्या दुकानदाराला ती तोच पाव तिथल्या तिथे खायला लावते. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणते, “तुझ्या बापाला बघितलं, तेवढं पुरे झालं.”

“मेलेल्या बायकोच्या टाळूवरचं लोणी खातोय मेला,” त्या दिवशी ती म्हणाली. “तो शर्ट त्याच्या अंगावरून उतरवते की नाही बघ.”

तिनं फेरीत नाव घातलं. दुकानदारांच्या मानगुटीवर बसून देणगी गोळा केली. सायकल दुरुस्तीवाल्यानं स्वतःची गिअरची सायकल दिली, तर चक्कर मारून येऊन म्हणाली, “ही तर रिकामीच वाटते.”

फेरीच्या दिवशी मी पाण्याच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसले होते. कारखान्यांमागचा सरळ रस्ता, समोरून वारा. मावशी बापाच्या मागच्या चाकाला चिकटून होती. म्हणजे वारा त्यानं खायचा आणि हिनं आडोशानं चालवायचं. त्यानं दोनदा हातानं पुढे हो म्हणून खुणावलं. ही ढिम्म. तिच्या डोळ्यांसमोर सगळा वेळ आईचा चेहरा होता, लांब केस असतानाचा.

चढ लागला तशी माणसं पांगली. आमचा टेम्पो त्या दोघांना लागून हळूहळू चालला होता. माझ्या बाजूची काच खाली होती, ड्रायव्हर कानात इअरफोन घालून गाणी ऐकत होता.

“दाजी, दमलात का?”

त्यानं वळून बघितलं. हँडल लटपटलं. “तू?”

“मीच. पुढे बघा, पडाल.”

तो उभा राहून पेडल मारायला लागला. पळून जायची सवयच त्याला. थोडा पुढे गेला, धापा टाकत मंदावला, तर मावशी होतीच मागे. पावाचं ओझं घेऊन आयुष्यभर चढ चढलेली बाई ती. तिचा श्वासही चढला नव्हता.

“तिचे केस मी कापले, दाजी. भेटीची वेळ झाली की रुमाल बांधून दाराकडे तोंड करून बसायची. मी सांगायचे, दाजींना सुटी मिळाली नाही. रोज सांगायचे. नंतर नंतर तीच मला सांगायला लागली, ‘अगं, सुटी मिळाली नसेल.’ मला वाईट वाटू नये म्हणून.”

हे मला कधी सांगितलं नव्हतं तिनं. 

बाप थांबला. एक पाय खाली टेकला. “काय पाहिजे तुला?”

“शर्ट.”

“लोक बघतायत.”

“बघू देत.”

“मला भीती वाटली गं. तिला तसं बघवेना.”

“तिलाही वाटत होती. ती कुठे पळणार होती?”

त्यानं शर्ट काढला. खाली घामानं भिजलेला बनियन आणि सुटलेलं पोट. मावशीनं शर्ट झटकला, आपल्या कुडत्यावर चढवला आणि म्हणाली, “आता मी पुढे. तुम्ही मागून या. फेरी अर्धवट सोडलीत तर याद राखा, ते पैसे पेशंटच्या माणसांचे आहेत.”

निघण्याआधी तो टेम्पोजवळ आला. मी बाटली दिली. त्यानं ती घटाघटा संपवली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “थँक्यू ताई.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं विचारत होती. मी मान हलवली. नको.

मग दोघं निघाली. त्यानं मान खाली घातली की मावशी न वळता म्हणायची, “वर बघा, दाजी.” त्याला वर बघावं लागत होतं. आईचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता आणि चढाचा माथा अजून लांब होता.

“बिचारा रडतोय,” ड्रायव्हर इअरफोन काढत म्हणाला. “बायकोवर फार जीव असणार. तुमच्या ओळखीचे आहेत का?”

“नाही,” मी म्हणाले.