पॉलिशचा वास

हे लिहायला बसतोय त्याला आज चौथा दिवस. यातलं निम्मं माझ्या बायकोला माहीत आहे, माझ्या ताईला त्यातलं काहीच नाही, आणि पूर्ण… पूर्ण कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

कपाटापासून सुरुवात करतो. तिथून सोपं जाईल.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हाला वाशीत घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर आणि खाडीच्या बाजूला हातभर बाल्कनी. सकाळी बसने तुर्भ्याच्या कारखान्यात जायचं आणि तिथल्या ऑफिसात टेबलामागे बसायचं. टेबलामागे बसून काम करणारा आमच्या घरातला मी पहिला. पदवी घेतलेलाही पहिला. आणि ती पदवी माझ्या आईनं घेतली होती, हे मी तेव्हाही जाणून होतो. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या कोकणातल्या गावी काजूचा कारखाना होता. वडील गेल्यावर आई तिथं लागली. भाजलेल्या बिया फोडायच्या. त्या टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी सोलून काळी पडली ती कायमची. आणि भाजणीचा धूर छातीत बसला. मी शाळा-कॉलेज संपवून बाहेर पडेपर्यंत तिला दमा जडलेला होता. वाशीचं घर मिळाल्याबरोबर मी गावी गेलो, तिची भाड्याची खोली मालकाला परत करायला लावली आणि तिला घेऊन आलो. म्हटलं, आता मागं वळून बघायचं नाही. खरंच तसं वाटत होतं मला. निदान त्या दिवशी.

मग फर्निचर. एक कपाट आणि एक दिवाण, एवढंच घ्यायचं होतं. दादरच्या दुकानात तयार माल होता, चकचकीत, हात फिरवला तर बोटाचा ठसा उठेल असा. दुसरीकडे कोपरखैरणे गावात एका सुताराकडे कोरं, पॉलिश न केलेलं सागवान होतं. तो तिथलाच माणूस, बोलायला खमका. "साहेब, कच्चा माल घ्या. ही गाठ हाय, ही चीर हाय, सगलं समोर दिसतं. पालिश मारल्यावर आत लाकूड हाय का भुस्सा, कोनाला कलनार? फक्त येक पावसाला तसंच ठेवा. हितली हवा लागू द्या लाकडाला. मंग मारा."

आईला ते कपाट आवडलं. तिनं दारावर गाल टेकवून वास घेतला, तेव्हा सुतार हसून म्हणाला, "आजी, कपाट हाय, नातू नाय!" आईही हसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "असाच ऱ्हवांदे रे बाबू. बरा दिसता. तेका कित्याक चोपडतंस?"

तीन महिने ते तसंच राहिलं. ती दुपारी त्याला पाठ टेकून तांदूळ निवडत बसायची.

आणि मी? मला ते कोरं लाकूड डोळ्यांत खुपायला लागलं. ऑफिसातल्या लोकांच्या घरी जाऊन आलो होतो ना मी. त्यांच्याकडे सगळं चमकत होतं. आमच्याकडे अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. कपाट तर होतंच, पण खरं सांगायचं तर दिवाणाखाली आईचा थुंकायचा, राख घातलेला डबाही होता. खोकल्याची उबळ आली की ती तो ओढून घ्यायची. बाहेरचं कुणी बसलेलं असलं तरी. मी तेव्हा उगाच मोठ्यानं बोलायला लागायचो.

श्रावणात मी पॉलिशवाल्याला बोलावलं. पाऊस उतरू दे, असं तोही म्हणाला. मी ऐकलं नाही. ओल्या हवेत पॉलिश वाळेना, वर पांढरट थर यायचा, तो पुन्हा घासून पुन्हा हात मारायचा. घरभर स्पिरिटचा उग्र वास. आईला दोन दिवसांत उठून बसता येईना. गणपतीसाठी शेजारचं कुटुंब गावाकडे निघालं होतं. त्यांच्याबरोबर एसटीनं तिला ताईकडे पाठवलं; ताईला आमच्या गावातच दिली होती. "महिनाभर राहा," म्हटलं, "नवरात्रात न्यायला येतो." तिनं खिडकीतून सांगितलं, "वास गेलो की कळय हां."

वास पंधरा दिवसांत गेला.

मी कळवलं नाही. का नाही कळवलं? एका रविवारी माझे साहेब बायकोला घेऊन चहाला आले. दिवाणावर बसले, कपाटाकडे बघून म्हणाले, "वा, छान ठेवलंय हो घर." कुणी खोकलं नाही. मला मोठ्यानं बोलावं लागलं नाही. ते गेल्यावर मी बराच वेळ त्या खोलीत नुसता बसून राहिलो. सुखानं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते सुखच होतं.

त्यानंतर मी लिहीत गेलो. "अजून वास आहे, थंडी सरू दे." "कपाट उघडलं की अजून येतो, तुला सोसणार नाही." दर पत्रात तिच्या छातीची चौकशी. सुमननं, माझ्या बायकोनं, दोनदा विचारलं, "आईंना कधी आणायचं?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "बघू." दोष तिचा नाही. तिच्यावर ढकलायचा मोह मला अनेकदा झाला आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आणि आई राहत कुठं होती? लेकीच्या सासरी. स्वतःची खोली तिनं माझ्या सांगण्यावरून सोडलेली. जावयाच्या घरात ताट वाढून घ्यायला तिला किती जड जात असेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. दीड वर्ष मला ते कळत होतं.

आता ती गोष्ट. तिच्याभोवतीच मी चार दिवस फिरतो आहे.

ताईचं पत्र आलं. भावोजी ठाण्याला एका लग्नाला येणार होते, रविवारी आमच्याकडे जेवायला येणार होते. पुढं ताईनं लिहिलं होतं, "आई म्हणते, जावई स्वतः बघून सांगतील. वास नसला तर पुढच्या गाडीनं मी येते. बोचकं बांधून ठेवलंय तिनं."

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सुमन बाजारात गेली होती. मी माळ्यावरून उरलेल्या पॉलिशची बाटली काढली. चिंध्यांचा बोळा केला. आणि कपाट आतून, कप्प्याकप्प्याला, दारांच्या मागं, दिवाणाच्या खालच्या फळ्यांना, जिथं दिसणार नाही तिथं सगळीकडे पॉलिश चोळलं. मग खिडक्या लावून घेतल्या.

सुमन परत आली. दारातच तिनं नाकाला पदर लावला. माझ्या हातातला बोळा बघितला.

"परत?" म्हणाली.

"पांढरं आलं होतं," मी म्हटलं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिनं आईला आणण्याचा विषय कधीच काढला नाही.

भावोजी आले, दोनदा शिंकले, कपाट उघडून बघितलं. साधा माणूस. "अरे बापरे, अजून मारतो की डोक्यात!" म्हणाले. गावी जाऊन त्यांनी तेच सांगितलं. बोचकं सुटलं असेल. कुणी सोडलं, ती काय म्हणाली, मी कधी विचारलं नाही.

त्याच वर्षी माघात आई ताईच्या घरीच वारली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्याला ताई माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी कौतुक होतं. सांगायला लागली, की आई कारखान्यातल्या आपल्या जुन्या सोबतिणींना माझी पत्रं ताईकडून वाचून घेऊन ऐकवायची. आणि आपल्या मुलाचं कौतुक करत म्हणायची, "माझो झील बघा. पॉलिशच्या वासात माका आणूचो नाय. आवशीच्या छातीची इतकी काळजी कोण करता?" शेवटच्या आठवड्यात डॉक्टरलाही तिनं हेच सांगितलं म्हणे.

ताईला हे ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. मी तिचा हात धरला. बोलायची ती वेळ होती. मी बोललो नाही.

ताई आता सत्तरीपुढची आहे. कुणाचं लग्न असलं, बारसं असलं, चार नातेवाईक जमले, की आपल्या नातवंडांना बोलावून घेते आणि माझ्याकडे बोट दाखवून ती गोष्ट सांगते. आईला त्रास होऊ नये म्हणून दीड वर्ष आईविना राहणाऱ्या मुलाची. मुलं माझ्या पाया पडतात. मी मान खाली घालतो, आणि सगळ्यांना तो माझा साधेपणा वाटतो.