हजेरीतलं अनोळखी नाव

'तक्रार निकाली' एवढं लिहून आम्ही तो अर्ज दप्तरी लावला. मी निवृत्त झालो, पण माझ्यापुरता तो अर्ज अजून उघडाच आहे.

तेव्हा मी बडोद्याला सायबर शाखेत होतो. एका सोमवारी कारेलीबागेतले एक निवृत्त मास्तर वही घेऊन आले. पत्नी जाऊन सहा महिने झालेले, घरी एकटेच. आपल्या नकळत कॉम्प्युटरमध्ये नको ते प्रोग्राम चालतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. तेव्हापासून ते रोज सकाळी टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडत आणि वर्गात घ्यावी तशी प्रत्येक प्रोग्रामची वहीत हजेरी घेत. त्यात एक नाव अनोळखी निघालं, त्यापुढे त्यांनी प्रश्नखूण केली होती. त्याच नावाचा फोल्डरही होता आणि आतल्या फायलींना नुसते आकडे.

"उघडून बघू का?" त्यांनी विचारलं.

टेबलावर अर्जांचा ढीग होता. मान वर न करता मी म्हणालो, "अजिबात नको, काका. व्हायरस असला तर पसरेल. अनोळखी आहे ना, मग सरळ काढून टाका."

मास्तर शिस्तीचे. त्यांनी फोल्डर काढला, वर डिस्क साफ करण्याचा प्रोग्रामही चालवला. बुधवारी रिक्षात कॉम्प्युटर घालून पुन्हा हजर. "फोल्डर गेला, साहेब, पण हे नाव रोज दिसतंच आहे."

मग मात्र रीतसर अर्ज घेतला, पंचनामा केला. शेजारच्या बाईंकडून खबर मिळाली, की मास्तरीणबाई होत्या तेव्हा, मास्तर फिरायला गेले की जवळच्या सावली गावचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला घरी यायचा. मी त्याला बोलावून घेतलं. दोन दिवस तो ठाण्याच्या बाकावर बसून होता. मी आवाज चढवला, दुकानाला टाळं लावीन म्हणालो. खोटं बोलणारा माणूस सहसा फार बोलतो. हा तोंडच उघडेना, तर मी त्याला मुरलेला समजलो. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, बाने वचन आप्युं छे." आईला वचन दिलंय. कोणाच्या आईला, ते सांगेना.

जे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते आमच्या तांत्रिक हवालदाराने केलं. प्रोग्राम कुठे बसलाय, कधीपासून आहे, कोणाशी बोलतोय, हे त्याने शोधलं. प्रोग्राम मास्तरीणबाई हयात असतानाच घातला होता आणि त्याचं दुसरं टोक डभोईतल्या एका घरात होतं. हे समोर ठेवल्यावर दुरुस्तीवाल्याने सगळं सांगितलं; त्याची 'बा' म्हणजे मास्तरीणबाईच.

डभोईला मास्तरांची मुलगी राहत होती. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, म्हणून मास्तरांनी तिचं नाव टाकलं होतं. तिच्याशी फोनवर बोलणार नाही, अशी शपथ बायकोकडून घेतली होती. बाईंनी शपथ मोडली नाही. शपथ फोनची होती. मास्तर फिरायला गेले की त्या कॉम्प्युटरपुढे बसून लेकीशी बोलत, ते रेकॉर्ड करून फाईल त्या फोल्डरमध्ये ठेवत आणि ती आपोआप डभोईला पोचत असे.

"फोल्डर तर आहे ना, साहेब?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. "इथून काढला, तर तिथूनही निघून जातो."

काढायला मीच सांगितलं होतं.

डभोईला गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "सकाळी चहा घेताना मी आईचं एकेक बोलणं ऐकायचे. मंगळवारी उघडलं, तर काहीच नाही." आम्ही दोन्ही डिस्क तपासल्या. तिच्याकडची एकच तुटकी फाईल हाती लागली. त्यात खोकल्याचा आवाज होता, आणि मग, "सुरू झालं का गं हे?" तेवढंच.

कोणाच्या सांगण्यावरून कोणी पुसलं, ते मी तिला सांगितलं. तिने ती तुटकी फाईल पुन्हा एकदा लावली. मग म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांना झेपायचं नाही."

मास्तरांकडे कॉम्प्युटर परत न्यायला मी स्वतः गेलो. "काकूंनीच घालून घेतलेला प्रोग्राम आहे," मी सांगितलं. "धोका नाही."

"आणि त्या फायली?"

"रोजचंच काहीबाही होतं, काका."

"बरं झालं. मला उगाच धास्ती, काही महत्त्वाचं तर नाही ना काढलं." त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. तो मी उभ्याउभ्याच संपवला.

सावलीला जाऊन मी दुरुस्तीवाल्याची माफी मागितली. त्याने खुर्ची दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आधी ओळख पटवा, मग हात टाका, असं मी नोकरीभर कनिष्ठांना बजावत आलो. त्या सोमवारी मला दोन मिनिटांची सवड झाली नाही, आणि एका लेकीची आई दुसऱ्यांदा गेली. याला कुठलं कलम लागत नाही. त्या दिवशी मी मास्तरांच्या घरून निघत होतो, तेव्हा त्यांनी वही उघडली होती. त्या नावापुढची प्रश्नखूण खोडून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घरचंच. हजर.'