निरोगी कापही कोराच

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या एका प्रथिनाच्या जोरावर. ते दिसावं म्हणून आम्ही काचेवर ठेवलेल्या गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडीचा थेंब सोडतो आणि पेशीपेशीभोवती तपकिरी रेघ उमटते. त्या दिवशी एकही उमटली नाही. तुलनेसाठी ठेवलेला निरोगी काप, ज्यात ते प्रथिन असतंच, तोही कोराच.

अँटिबॉडीची बाटली कुरिअरवाल्याने फाटकाशी उन्हात ठेवली होती. बर्फाचं पाणी झालं होतं. तेव्हाच मी लॅबप्रमुखांना विचारलं, तर म्हणाले, "चालतं हो, वापरा."

आता काच दाखवली, तर म्हणाले, "प्रथिन नाही असं लिहा. रिपोर्ट आज द्यायचाय."

बाहेर बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या स्तनातली गाठ कोणत्या जातीची, हे यावरच ठरणार होतं.

"नाही लिहिणार, सर. अँटिबॉडीच खराब झालीय."

चार दिवसांनी नवी बाटली आली. मावशींच्या कापावर रेघा ठसठशीत उमटल्या. प्रथिन होतं. लॅबप्रमुखांनी रिपोर्टवर निमूट सही केली. चुकलं, एवढा शब्दही तोंडातून निघाला नाही. उलट उशिराचं कारण म्हणून काउंटरवर सांगून ठेवलं होतं, की मशीन बंद होतं.

रिपोर्ट घ्यायला आलेल्या मावशी मलाच समजावू लागल्या, "मशीनला कोण काय करणार, डॉक्टर?"

ते ऐकून माझं डोकं तडकलं. मशीन धड होतं. मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांना बाहेर बोलवा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मी आत जाऊन लॅबप्रमुखांना घेऊन आले.