माइक असलेलं कॉलेज

“माइक आहे, पण कपाटात आहे,” प्रिन्सिपॉल म्हणाले.

“आणि किल्ली?” मी विचारलं.

“माझ्याकडे. गॅदरिंगला काढतो. नाजूक वस्तू आहे, मॅडम. मुलांच्या हातात कशी देणार?”

माझ्या शेजारी नागोजीराव बसले होते, पलीकडे त्यांची मुलगी सुशीला. नागोजीरावांचं चिकपेटेत शिवणकामाचं दुकान. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी तेव्हा रेडिओ केंद्रावर संध्याकाळचं कन्नड बुलेटिन वाचत असे. बुलेटिन म्हणजे ठरलेल्या मिनिटांत बसवलेल्या बातम्या. सुशीलाला तेच काम करायचं होतं, म्हणून दोघं मला कॉलेज विचारायला आली होती.

साठ सालानंतरची ही गोष्ट. रेडिओच्या पत्रकारितेची वेगळी पदवी आमच्या गावात तरी मिळत नव्हती. नागोजीरावांची अट मात्र पक्की होती. रेडिओचं काम शिकवणारं कॉलेज सापडलं तर ठीक, नाहीतर टायपिंग इन्स्टिट्यूट. शनिवारी सगळीकडचे फॉर्म बंद होणार होते आणि आज गुरुवार होता. या कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘रेडिओसह पत्रकारिता’ असं छापलेलं होतं. ते मीच मोठ्या ऐटीत दोघांना दाखवलं होतं.

प्रिन्सिपॉलांनी आम्हाला एका तासाला बसवलं. सर रेडिओची व्याख्या सांगत होते आणि मुलं लिहून घेत होती. तास रेडिओचा, पण तोंड उघडलं ते फक्त सरांनी.

बाहेर आल्यावर नागोजीराव खूश होते. “माइक आहे की, अक्का. आता बघायचं काय राहिलं?”

“अण्णा, दुकानात मशीन नुसतं बघून कोणी शिंपी झालाय का? त्यावर बसायला मिळालं पाहिजे.”

हे त्यांना पटलं. “सरी, बरं. मग दुसरं दाखवा. शनिवार लांब नाही.”

दुसरं माझ्याजवळ होतं कुठे? केंद्रावर आले तर स्टेशन डायरेक्टरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी विचारलं, “कसं वाटलं कॉलेज? तिथल्या माइकचं उद्घाटन मीच केलंय.”

“त्या दिवशी तो बाहेर आला असेल, सर. एरवी कपाटात असतो.”

साहेब चष्मा पुसत म्हणाले, “माहितीपत्रकं वाचू नका. आपलं ऑडिशनचं रजिस्टर काढा.”

ऑडिशन म्हणजे आवाजाची परीक्षा. उमेदवार माइकसमोर वाचतो, आम्ही काचेपलीकडून ऐकतो आणि नाव, कॉलेज, निकाल रजिस्टरात लिहितो. ते रजिस्टर मीच भरत असे, पण उलटून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. पास झालेल्या मुलींत एकाच कॉलेजचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. तिथे पत्रकारिता नव्हती की माइक नव्हता. साधं बी.ए. होतं, मुलींचं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. वॉर्डन कमलम्मांना कारण विचारलं, तर त्या थेट हॉस्टेलच्या मेसमध्येच घेऊन गेल्या. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून नागोजीराव व्हरांड्यात खिडकीपाशी थांबले.

आत सगळ्या मुली उप्पिट खात होत्या. हॉस्टेलला वर्तमानपत्र एकच यायचं. त्यामुळे एकीने उभं राहून ते मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी खाता खाता ऐकायचं, अशी पद्धत होती. बातमी समजली नाही की मुली लोटे, म्हणजे कॉफीचे पेले, टेबलावर आपटायच्या. मग वाचणारीने तीच बातमी पुन्हा सांगायची. सगळ्यांना कळेपर्यंत तिला उप्पिट नाही.

“हिला वाचू दे आज,” म्हणत कमलम्मांनी पेपर सुशीलाच्या हातात दिला.

तिने पहिली बातमी वाचली, धरणाची. वाक्य चार ओळींचं होतं. संपायच्या आत लोटे वाजले. तिने आवाज चढवून पुन्हा वाचलं. आणखी जोरात वाजले. पोरीचा चेहरा उतरला. खिडकीत नागोजीराव होते. इथे ती रडली असती तर टायपिंग ठरलेलंच होतं.

सुशीलाने पेपर खाली केला. मुलींकडे बघून म्हणाली, “धरण भरलंय. आज दुपारी दरवाजे उघडणार. खालच्या गावांनी नदीत उतरू नये.”

एकही लोटा वाजला नाही. पेपर वाचणारा मागची ओळ पुन्हा बघू शकतो, रेडिओ ऐकणाऱ्याला ती सोय नाही. हे समजायला मला नोकरीत दोन वर्षं लागली होती.

“मला तिसऱ्या वेळी कळलं,” नागोजीराव बाहेर म्हणाले.

“तेच रेडिओचं काम, अण्णा.”

“पण मेस फक्त हॉस्टेलातल्या मुलींना. घर दोन मैलांवर असताना पोरगी हॉस्टेलात? लोक काय म्हणतील?”

सुशीला म्हणाली, “टायपिंगला गेले तर कोणी काही म्हणणार नाही, अप्पा. पण मला ते नकोय.”

नागोजीरावांनी चपला पायात सरकवल्या. मग फॉर्म कुठे मिळतो ते त्यांनी कमलम्मांना विचारलं.

बी.ए. झाल्यावर सुशीला आमच्याकडे ऑडिशनला आली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. मला फार अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला. मग साहेबांनी बोलावलं.

“संध्याकाळचं बुलेटिन तिला देऊ या. तुम्ही अनुभवी, तुम्ही सकाळचं घ्या.”

सकाळचं म्हणजे पहाटे चारला उठणं. मी चांगलीच चिडले. पहिल्या संध्याकाळी घरी रेडिओसमोर मुद्दाम चुका काढायला बसले. सुशीला वाचू लागली, आणि आईने विळी बाजूला सारली.

“माझं बुलेटिन पण अशीच ऐकायचीस?” मी विचारलं.

“ऐकायची की,” आई म्हणाली. “भाजी चिरता चिरता.”

तेव्हा कोणी कॉलेज विचारायला आलं, तर खुशाल खरा सल्ला द्यावा. फक्त गजराचं घड्याळ आधीच घेऊन ठेवावं.