एका पोराले घरी न्या

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बाबा मला सोडायला आलेच नाहीत. नागपूरच्या सीताबर्डीवरून संध्याकाळची ट्रॅव्हल्स होती. आई होती, दोन बॅगा होत्या, चिवड्याचा डबा होता, आणि हुडकेश्वरच्या होस्टेलची दहा-बारा पोरं धुतलेले शर्ट घालून रांगेत उभी होती, जशी काही मी मंत्रीच. बाबा नव्हते, कारण दुपारी सुन्या पळाला होता. सुन्या म्हणजे होस्टेलमधला सगळ्यात वांड पोरगा. बाबा स्कूटर घेऊन त्याला शोधायला रेल्वे स्टेशनवर गेले ते गेलेच. आई खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "राग नको धरू वं त्यांचा. त्या पोराचं काही खरं नाही. तू काय, पोहोचूनच जाशील."

पोहोचले ना. पहिली नोकरी, दुसरी नोकरी, लोन, फ्लॅट, सगळीकडे वेळेवर पोहोचले.

आता हे उकरून काढायचं कारण असं, की ते होस्टेल चालवणाऱ्या संस्थेच्या नव्या कमिटीचा मला फोन आला. स्मरणिका काढून राहिलेत म्हणे. "ताई, तुम्ही जुन्या अधीक्षकांच्या कन्या, बाहेर सेटल झालेल्या. संस्थेला मदत कशी करता येईल, यावर एक छोटासा लेख द्या. जरा पॉझिटिव्ह लिहा." बरं. घ्या लेख. छापला तर छापा. होस्टेलच्या पोरांनो, तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठीही. कमिटीने वाचलं नाही तरी चालेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या वस्तीत त्या जागेला 'बिघडलेल्या पोरांचं होस्टेल' म्हणायचे. स्टेशनवर सापडलेली, घरून पळालेली, बापाच्या दारूला कंटाळून स्वतःच काहीबाही हुंगायला लागलेली, चोरीत पकडलेली पोरं तिथे राहायची. माझे बाबा त्यांचे अधीक्षक. पोरं त्यांना सर म्हणायची. मागच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मध्ये कुंपण नव्हतं. आईने कितीदा मागितलं, पण बाबांनी घालू दिलं नाही.

मदत करणारे पुष्कळ होते हो. कमी कधीच नव्हती. पण सगळ्यांना एकाच दिवशी पुण्य पाहिजे. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, पितृपक्ष, शेठजींच्या नातवाचा वाढदिवस. एकेका दिवशी तीन-तीन जेवणं यायची. सकाळी कोणाची पुण्यतिथी, दुपारी कोणाचा बड्डे. बाबा पोरांना कानात सांगायचे, "पोटात जागा ठेवा रे, अजून एक केक आहे." पोरं तट्ट फुगलेली, तरी भुकेलं तोंड करून पंगतीत बसायची, कारण फोटो निघायचा असायचा. आणि मधल्या ओल्या, साध्या, कंटाळवाण्या मंगळवारी? कोणी चिटपाखरू नाही.

एकदा मीही पंगतीत बसले होते, लहान होते. एका बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवीतून एक जुना फ्रॉक काढला आणि बाबांना विचारलं, "मुलीपण ठेवता का हो इथे? बिचारी." बाबा काही बोलायच्या आत आईच आली तरातरा. "माझी पोरगी आहे ती," म्हणाली आणि मला दंडाला धरून घरात घेऊन गेली. फ्रॉक मात्र चांगला होता. मी दोन वर्षं वापरला.

बाबांचं मागणं वेगळंच असायचं. पाहुणे निघाले, की हे फाटकापर्यंत त्यांच्यामागे जायचे आणि हात जोडून सांगायचे, "साहेब, मिठाई नको, कपडे नको. दिवाळीच्या दिवशी एका पोराले घरी न्या. आंघोळ घाला, ओवाळा, तुमच्या पोरांसंग जेवू द्या. संध्याकाळी आणून सोडा. बस, एवढंच." आणि मग पाहुणे घड्याळ बघायचे. गाडीची किल्ली शोधायचे. "बघू, सर." हा त्यांचा ठरलेला शब्द. एखादा खरं बोलायचा, "काय आहे सर, घरात मुली आहेत."

घरात मुली आहेत! अरे, माझ्या बापाच्या घरात काय होतं मग? मी नव्हते का? पण ते कोणी विचारलं नाही. बाबांनीसुद्धा नाही.

तर कोणीच नेत नसल्यामुळे ती पोरं दिवाळीला आमच्याच घरी यायची. पहाटे अंगणात पाट मांडलेले, आई एकेकाला तेल लावते आहे, उटणं लावते आहे, आणि मी पायरीवर कुडकुडत बसले आहे. "ते पाहुणे आहेत वं, थांब जराशी." माझा नंबर येईपर्यंत बंबातलं पाणी कोमट व्हायचं. मला राग यायचा, आणि आजही येतो. चांगल्या माणसांच्या पोरांना राग यायला परवानगी नसते, म्हणून तो आणखी येतो.

सुन्या आला तो माझ्या दहावीच्या वर्षी. आल्या आल्या माझी सायकल घेऊन गेला आणि विकून खाल्ली. चार दिवसांनी बाबांनी त्याला धरून आणलं. मी वाट पाहत होते, आता दोन कानाखाली बसतील. कशाचं काय! बाबांनी त्याला जेवायला बसवलं. मी रडून आकांत केला, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू काही दिवस पायी जा बेटा. त्याले परत यायले तोंड राहिलं पाहिजे." पूर्ण वर्ष पायी गेले. शाळेत उशीर झाला की बाई विचारायच्या, सायकल कुठे आहे तुझी?

पुण्याने मला चांगलं ठेवलं, खोटं कशाला बोलू. सुरुवातीला 'मले', 'तुले' म्हटलं की ऑफिसातल्या पोरी हसायच्या. "परत बोल ना, किती क्यूट!" मग मी ते बोलणंच सोडून दिलं. आता मीटिंग, अप्रेझल, मेड, सोसायटी. घरी फोन केला की मागे घंटा वाजायची, पोरांचा गोंगाट, आणि बाबा म्हणायचे, "बोल लवकर, इथे भांडण होऊन राहिलं." माझं घर म्हणजे हे असं, दुसऱ्यांच्या गोंगाटामागून ऐकू येणारं. आई गेली तेव्हासुद्धा शेवटपर्यंत तिच्या उशाशी होस्टेलची पोरं होती आणि मी विमानतळावरून घरी येणाऱ्या टॅक्सीत होते.

मग बाबा रिटायर झाले. संस्थेने शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. आणि पुढच्या आठवड्यात क्वार्टर खाली करायला सांगितलं, नियमाप्रमाणे. भाषणं करणाऱ्यांत 'बघू सर'वाले सगळे होते. एकालाही वाटलं नाही, की हा माणूस आता झोपणार कुठे?

मी त्यांना पुण्याला घेऊन आले. अकराव्या मजल्यावर त्यांना वेगळी खोली दिली, नवी गादी, टीव्ही. महिनाभर राहिले. गेटवर वॉचमन रोज विचारायचा, "कौनसा फ्लॅट?" लिफ्टमध्ये पोरं दिसली की हे बोलायला जायचे आणि आया पोरांना जवळ ओढायच्या. एक दिवस पिशवी भरली. "मी जातो बेटा नागपूरले." कुठे, म्हटलं. "पाहतो काही."

तिथे एक भाड्याची खोली घेतली त्यांनी. दिवाळीच्या आदल्या दिवशी दारात सुन्या उभा. आता त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, नंदनवन वस्तीत घर आहे, बायको आहे, लेकरू आहे. म्हणाला, "सर, दिवाळी आहे. घरी चला." घेऊन गेला. आंघोळ घातली, ओवाळलं, पोरासोबत जेवू घातलं. फक्त संध्याकाळी आणून सोडलं नाही. बाबा तेव्हापासून तिथेच आहेत.

मला हे कळलं क्वार्टरच्या जुन्या शेजाऱ्यांच्या फोनवरून. "तुझे बाबा मुलाकडे राहायला गेले म्हणे?" मी एकुलती एक आहे.

गेल्या महिन्यात जाऊन आले. सुन्याच्या बायकोने खुर्ची दिली, "चाय मांडू का ताई?" पाहुणीसारखं विचारलं. वाईट काही नव्हतं त्यात, पण मला ते लागलं. बाबा त्या लेकराला पाढे शिकवत होते. तब्येत उत्तम. मी पुण्याहून जे मनाशी घोकत आले होते ते शेवटी बोललेच, "बाबा, माझ्याकडे काहून नाही राहिले?"

"तुझ्याकडे सगळं आहे बेटा," ते म्हणाले. "याच्याकडे बाप नव्हता."

"माझ्याकडे तरी कुठे होता?"

हे मी मोठ्याने म्हटलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. बाबा लेकराच्या पाटीकडे बघायला लागले. म्हणाले, "बसची वेळ होऊन राहिली तुझी."

सुन्याने विचारलं, "सर, ताईले सोडून येऊ का?"

"तिले काय," बाबा म्हणाले, "पोहोचूनच जाते ती." आणि पाटी पुसायला घेतली.

तरी सुन्या आला. बर्डीवर माझी बॅग वर चढवली आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला, जिथे त्या दिवशी आई उभी होती. खाली बघत म्हणाला, "ताई, दिवाळीले घरी या. आमची मिसेस तेल लावते, ओवाळते. सर पण आहेत. याच."

तर कमिटीवाल्यांनो, मदत कशी करता येईल ते एवढंच आहे. माझ्या बापाने ते तुम्हाला फाटकावर हात जोडून आयुष्यभर सांगितलं. एका पोराला घरी न्या. आणि मागच्या क्वार्टरमध्ये नव्या अधीक्षकांची लहान मुलगी आहे म्हणे, तिचीही चौकशी करा.

माझं घर आता कुठे आहे, असं कोणी विचारलं तर मी नंदनवनाचा पत्ता सांगेन की नाही, मला माहीत नाही. बसच्या खिडकीखाली सुन्या उत्तराची वाट पाहत होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी घड्याळ बघितलं आणि त्याला म्हटलं, "बघू."