क्वार्टरवर टिक नव्हती

पडद्यावर एक घर पडलं आणि त्याच्या जागी काचेची उंच इमारत उभी राहिली. मी तेव्हा चहाचे कप वाटत होते, पडद्याकडे माझी पाठ. मला कळलं ते गवई फिटरच्या ओरडण्यानं.

"अबे पाह्य, पाह्य! माह्यं घर गेलं!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग वळून पाहिलं.

ही गोष्ट अकोल्याची, बाळापूर रोडकडच्या एका जिनिंगची. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ती वर्षं कापसाची फार वाईट गेली. जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या आणि त्यांच्या जागेवर प्लॉट पडत होते. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक नापास. नकाशे ट्रेस करता करता हात बसला, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा तोही तसाच शिकले, एकेक बटन दाबून काय होतं ते बघत.

जिनिंगच्या मालक शेठजींना त्या जागेवर टाउनशिप करायची होती, आणि तिचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. आत मंदिर, धुराची जुनी चिमणी, शेठजींचा बंगला आणि कामगारांच्या क्वार्टरच्या दोन ओळी होत्या. शेठजी म्हणायचे, क्वार्टर राहतील, बाकीच्या जागेला तुमची हरकत नाही एवढी सही द्या. त्या सह्यांसाठी शेठजींच्या बंगल्यावर मीटिंग ठरली.

आता माझा एक नाद सांगते. मी कॉम्प्युटरवर शहर वसवायचा गेम खेळायची. आपण फक्त रस्ते आखायचे, इथं घरं, इथं दुकानं एवढं सांगायचं. इमारती गेम स्वतःच बांधतो, जुन्या पाडतो, नव्या उठवतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी ते पाहिलं.

"तायडेबाई, मॉडेल करणारा महिनाभर मागतो. आपण मीटिंगला हेच दाखवू."

"सर, हा गेम आहे."

"त्यांना कोण सांगतंय? फक्त सगळं एका घाटाचं दिसू द्या. खिचडी नको."

खिचडी होतेच. गेम आपल्या मर्जीनं इमारतींची शैली बदलत राहतो. पण त्याला मॉड जोडता येतो. मॉड म्हणजे कोण्या हौशी माणसानं बनवलेली वरची जोड, मूळ गेममध्ये नसलेली. माझ्या मॉडनं एक खिडकी उघडायची, त्यात सगळ्या शैलींची यादी. ज्या शैलीला टिक, त्याच शैलीचं बांधकाम होणार. मी आधी जुन्या शैलीला टिक करून क्वार्टरच्या दोन्ही ओळी उगवून घेतल्या. मग ती टिक काढून काचेच्या शैलीला केली. काम झकास झालं होतं, खरंच सांगते.

एक मात्र होतं. एखादी इमारत पडू द्यायची नसेल तर तिच्यावर वेगळी टिक करावी लागते, राखून ठेवायची. एकेकीवर जाऊन.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "जरा पळवा, वाढ दिसली पाहिजे." मी वेग वाढवला. लोक खूश. तेवढ्यात चहा आला, आणि मी गेम न थांबवता उठले. त्या वर्षांत रोज हमखास जाणारी लाइट त्या दिवशी काही गेली नाही.

मी माऊसपर्यंत पोचले तोवर एका ओळीच्या टोकाच्या दोन खोल्या उरल्या होत्या. हसणं थांबलं होतं.

सायराबी पुढच्याच खुर्चीवर होती. जन्मभर त्या जिनिंगमध्ये सरकी निवडलेली बाई. तिनं बशी खाली ठेवली.

"काय वो निर्मला, मंदिर राह्यलं, बंगला राह्यला, चिमणी बी राह्यली. ते काऊन नाय पडलं?"

साहेब म्हणाले, "टेक्निकल एरर आहे, मावशी."

"तुमाले नाय इचारलं साहेब. पोरीले इचारून रायली."

मी सांगितलं. त्यांच्यावर राखायची टिक केली होती.

"अन् आमच्यावर?"

"करायची राहिली."

"राह्यली?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुह्या मायची खोली कोणती वो यातली?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्याच क्वार्टरमध्ये जन्मले, माझी आई सायराबीच्या शेजारी बसून सरकी निवडायची, हे मी ऑफिसात कधी बोलले नव्हते. बोलायची लाज वाटायची. त्या खोलीच्या जागी आता काचेची इमारत होती. मी माऊसचा बाण तिच्यावर नेला.

"अरे, माझा शब्द आहे ना," शेठजी म्हणाले.

"शब्दावर टिक कुठी करतेत शेठजी?" गवई फिटर बोलला. या वेळी कोणी हसलं नाही. सही न करता सगळे उठले. सायराबी जाताना मी पुढं केलेला हात बाजूला सारून गेली.

पुढं बरेच महिने ते अडून बसले. शेवटी दोन्ही ओळी नकाशावर आल्या, प्रत्येक खोली ज्याच्या त्याच्या नावानं, आणि मगच सह्या झाल्या. तो नकाशा मीच काढला. साहेबांनी गेमचं नाव पुन्हा काढलं नाही.

सायराबी नंतर बोलायला लागली. बाजारात भेटली की सगळ्यांदेखत विचारायची, "काय वो, केली काय टिक?" मी हसून हो म्हणायची आणि भाजीकडे बघायची.

नवीन पोरी विचारतात, मॅडम, कामातून काय शिकलात? मी सांगते, चहाला उठण्याआधी पॉज दाबा. एवढं सांगता येतं. मंदिर, चिमणी आणि शेठजींचा बंगला, यांच्यावर टिक करा म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं, हे सांगता येत नाही.